रिकाम्या वैलाला झाकण द्या : सुधारित चुली आखणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि बसवणाऱ्या सर्वांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

मी आजरा तालुक्यातली (जिल्हा कोल्हापूर) कुंभारीण. माहेरी चाक, सासरीही चाक. १९९६ साली सुधारित चुलीचं दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि तेव्हापासून चुली घालते. साचा डोक्यावर घेऊन वाड्यावस्त्यांवर गेले आहे, पोर पाठीशी बांधून चिखल तुडवला आहे. पहिल्या दोनशे चुलींची वही ठेवली होती. वही भरली, पुढचं मोजणं राहिलं. हे पत्र कुणा एका साहेबांना नाही. जे चुलीचा आराखडा काढतात, जे तो मंजूर करतात आणि त्या आराखड्याबरहुकूम ज्या संस्था व कार्यालयं गावोगाव चुली बसवतात, त्या सगळ्यांना आहे. उघडपणे लिहिते, कारण बंद पाकिटातून लिहून झालं.

गेल्या वर्षी मृगाच्या आधी आमच्या शेजारच्या वाडीत बावीस घरांत नव्या चुली बसल्या. पुढं चूल, मागं वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायचं भोक, त्यामागं धुराडं. मी मुद्दाम बघायला गेले. काम नीटस होतं, माती चांगली मळलेली, धुराड्याचा पाइप ओळंब्यात. मनापासून बरं वाटलं. फक्त वैलाला झाकण नव्हतं. बसवणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, ते आराखड्यात नाही." म्हणून मी संबंधित कार्यालयाला पत्र घातलं, झाकणाचं चित्र काढून जोडलं. दोन महिन्यांनी तीन ओळींचं उत्तर आलं. सार एवढंच, की झाकण हा चुलीचा भाग धरलेला नाही. ज्या कुटुंबाला हवं असेल त्यानं आपली सोय करून घ्यावी.

यावर मला गप्प बसता येत नाही. झाकण हा चुलीचा भाग आहे.

वैल असलेली चूल कशी चालते हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. तरी जमिनीवर बसून ती कशी दिसते ते सांगते. जाळ पुढच्या भोकाखाली होतो. तिथून झळ आणि धूर मातीच्या बोगद्यातून वैलाखाली जातात, तिथलं भांडं तापवतात आणि धुराड्यात चढतात. धुराड्यातली हवा गरम असते म्हणून ती वर जाते आणि मागून ओढ घेते. दोन्ही भोकांवर भांडी असतात तोवर ही ओढ लाकूड सारायच्या तोंडातून लागते, जाळ आत खेचला जातो, घरात धूर येत नाही. वैलावरचं भांडं उचललं की हे सगळं बिघडतं. धुराडं आता जवळची वाट धरतं, म्हणजे त्या उघड्या भोकातून घरातला गार वारा ओढतं. गार वाऱ्यानं धुराडं निवतं, ओढ मंदावते आणि पुढच्या तोंडातून धूर बाईच्या तोंडावर परततो. त्यात धुराड्याला काजळी धरलेली असली, किंवा आमच्याकडच्या आषाढातला वारा वरून दाबत असला, तर खुद्द वैलातूनच धूर वर येतो. "सुधारित चुलीनं काही फरक पडला नाही" असं सांगणाऱ्या कितीतरी घरांत मी जाऊन आले आहे. चूल पाडू नका म्हणायचे, वैलावर पाण्याचं पातेलं ठेवायला लावायचे, आणि दहा मिनिटांत घर निवळायचं. धूर त्या उघड्या तोंडामुळे होता.

वैल रिकामा असतो तरी किती वेळ, असं विचाराल. सकाळचा चहा एका भांड्यावर होतो. आंघोळीचं पाणी एका हंड्यावर तापतं. भात आणि आमटी आधी होऊन उतरतात, मग तवा चढतो. आमच्याकडे नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी; तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की ती निखाऱ्यापाशी उभी करून फुगवायची. त्यासाठी बाई चुलीच्या तोंडाशी तासभर खिळून बसते. म्हणजे ती जाळाच्या सगळ्यांत जवळ असते, नेमका तेव्हाच वैल उघडा असतो. हे मी कुठल्या कागदावर वाचलेलं नाही. तीस वर्षं त्या जागी बसून सांगते.

पाण्याचं पातेलं कायम ठेवा, असाही सल्ला देतात. मीही देत असे. पण त्या पाण्याची वाफ होत राहते, आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता जाते तेवढ्यात सात लिटर साधं पाणी उकळीला येतं. सरपण वाचवायला घातलेल्या चुलीवर सरपणाची वाफ करायची, हे मला पटत नाही. आणि जिथं पाणी डोक्यावरून आणावं लागतं तिथं बाई पातेलं कोरडंच ठेवते. ते जळतं, भोक पडतं, मग पत्र्याचा तुकडा येतो, नाहीतर फुटक्या घागरीचं खापर, नाहीतर दगड.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, पन्नाशी ओलांडली तेव्हापासून पाणवठ्यावरून घरी येईपर्यंत दोनदा बसायच्या. डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढता का. त्यांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता. त्यांच्या चुलीला धुराडं मीच बसवलं, १९९७ च्या उन्हाळ्यात, नव्या हुरूपानं. वैलाला झाकण घातलं नाही, कारण घालायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझं मला सुचलं नव्हतं. पुढची सात वर्षं त्या चुलीपुढं बसून आत्याबाईंनी भाकऱ्या केल्या. "तुझ्या धुराड्यानं कमी झालाय गं धूर," असं मला बरं वाटावं म्हणून म्हणायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. २००४ साली त्या गेल्या. घरातल्या धुरानं आणि त्यासारख्या प्रदूषणानं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्याबाई त्या हिशेबात नाहीत. माझ्या हिशेबात आहेत.

त्यांच्या नंतर मी झाकणाच्या मागं लागले.

पहिलं झाकण म्हणजे साधा परळ, मडक्यावर ठेवायला करतो तोच, उपडा घातलेला. जमलं नाही. चुलीचं भोक हातानं घडवलेलं असतं, रोज पोतेरं फिरवून त्याचा गोल हलत जातो. परळाची कड चारी अंगांनी टेकत नाही आणि फटीतून धूर येतो. दुसरं लोहाराकडून पत्र्याचं करून घेतलं. आठ दिवसांत ते जाळानं वाकलं आणि पंधरवड्यात माझ्या पुतणीचं मनगट भाजलं. डाग अजून आहे. त्यानंतर पत्र्याचं झाकण मी कुणाच्या चुलीवर राहू दिलं नाही.

मातीकडे परत आले. कड टेकत नाही, ही अडचण सोडवली ती तुपाच्या भांड्यानं. मुंग्या चढू नयेत म्हणून आपण भांड्याखाली पाण्याची ताटली ठेवतो. तसंच वैलाच्या काठावर भाजलेल्या मातीचं कडं बसवलं आणि त्याला वरून बोटभर रुंद, बोटभर खोल चर ठेवला. चरात पाण्याऐवजी चाळलेली राख. झाकणाला खालच्या अंगानं ओठ आहे, तो राखेत रुततो. कडं थोडं वाकडं झालं, झाकण भाजताना थोडं बसलं, तरी राख फट भरून काढते. राख घरचीच, तिला पैसे पडत नाहीत आणि ती पुन्हा जळत नाही. भांडं ठेवायचं असेल तेव्हा ते चराच्या आतल्या काठावर टेकतं, चराचा त्याला त्रास नाही.

मग पोटाचा प्रश्न आला. सपाट झाकण घातलं की त्याच्याखाली पोकळी राहते, झळ तिथं घुटमळते आणि झाकण नको इतकं तापतं. म्हणून झाकणाला खालून पोट दिलं, पातेल्याच्या बुडासारखं, म्हणजे जाळाला भांडं बसल्यासारखीच वाट मिळावी. पहिल्या खेपेला पोट फार खोल गेलं, बोगदा बुजला आणि धूर पुढून आला. उंची कमी करत करत पोट आणि बोगद्याचा तळ यांत चार बोटं अंतर राहिलं तेव्हा ओढ बरोबर लागली. माझ्या चुलींना चार बोटं लागतात. आपल्या बोगद्याचं माप वेगळं असेल तर आपण मोजून ठरवावं, माझं माप डोळे मिटून घेऊ नये.

झाकण पोकळ आहे. दोन भिंती, मध्ये भाताच्या तुसाची राख. ती उष्णता अडवते. आमच्याकडे घनसाळ भात पिकतो, गिरणीत तुसाचे ढीग असतात. पोकळ वस्तू भट्टीत फुटते, म्हणून बाजूला बोट जाईल एवढं भोक ठेवून भाजते, नंतर त्याच भोकातून राख भरते आणि मातीनं लिंपून टाकते. मातीत घोड्याची लीद आणि राख मळलेली असते, म्हणजे तापलेल्या झाकणावर आमटीचा थेंब उडाला तरी ते तडकत नाही. वर कमान आहे, तिच्यातून फुंकणी जाते. झाकण उचलायचं ते फुंकणीनं, हातानं नाही. पुतणीच्या मनगटाचा तो धडा आहे.

दोष सांगायलाच हवेत. झाकण जड आहे, अडीच किलोच्या घरात. सादळलेल्या हवेत चरातली राख बसते, दर दोन-तीन दिवसांनी ती काडीनं मोकळी करावी लागते. मांजर रात्री ऊब घ्यायला चुलीजवळ येतं आणि राख विस्कटतं. आजवर अठरा घरांत ही झाकणं दिली, त्यांतली तीन फुटली. दोन हातातून पडून, एक माझ्या भाजणीच्या चुकीनं. तिन्ही बदलून दिली. धूर मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. मी दोनच गोष्टी बघते : भाकरी करताना बाई डोळे पुसते का, आणि वर्षानं चुलीवरचा वासा किती काळा झाला.

झाकणाला एवढं महत्त्व कुठं देतात, असं वाटत असेल तर एक उदाहरण देते. गुस्ताफ दालेन या स्वीडिश शास्त्रज्ञांना १९१२ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका स्फोटात त्यांची दृष्टी गेली. घरी असताना त्यांनी स्वयंपाकाच्या शेगडीवर काम केलं आणि १९२२ मध्ये आगा नावाची ओतीव लोखंडाची, सतत तापती राहणारी शेगडी आणली. तिच्या तापलेल्या चकत्यांवर जाड झाकणं आहेत, आत उष्णता अडवणारं भरण असलेली, बिजागरीवर बसलेली. भांडं उचललं की झाकण खाली. ती झाकणं काढून ती शेगडी कुणी विकत नाही. शंभर वर्षांपूर्वी डोळे गेलेल्या माणसाला हे दिसलं.

आपल्या देशातही चुलीवर कमी विचार झालेला नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून मगन चूल निघाली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी पन्नासच्या दशकात धूर नसलेल्या चुलीवर काम केलं. १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्रानं तो थांबवला. तोवर देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या होत्या. २००९ मध्ये पुन्हा राष्ट्रीय उपक्रम, २०१४ मध्ये उन्नत चूल अभियान. या कामाबद्दल मला आदर आहे, माझं पोट त्याच कामावर भरलं. पण माझ्या हातून जे साचे गेले, त्यांतल्या एकालाही वैलाचं झाकण नव्हतं.

आता माझ्या तक्रारी.

चूल तपासली जाते ती भांडं चढवून. भारतीय मानक ब्युरोचं १३१५२ क्रमांकाचं मानक २०१३ मध्ये सुधारलं गेलं. मुलीनं ते मला वाचून दाखवलं. पंख्याशिवाय चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के हवी, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भांड्याला मिळणाऱ्या उष्णतेच्या दर मेगाज्यूलला ५ ग्रॅमच्या वर नको, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण ते उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठी आहे. मातीत घातलेली चूल त्यात बसत नाही. आणि कुठलीही चूल तपासताना तिच्यावर पाण्याचं भांडं असतंच. भांडं उतरल्यावर काय होतं, ते कुणी मोजत नाही. आमचा त्रास तिथूनच सुरू होतो.

झाकण ऐच्छिक ठरवलं की त्याची किंमत बाईच्या डोक्यावर येते. चूल मोफत किंवा सवलतीत, पाइप सवलतीत, पाइपावरची टोपीसुद्धा यादीत. झाकण तेवढं तिनं बघावं. ती दगड ठेवते आणि वर्षानं पाहणीला आलेली मंडळी लिहून नेतात, की लाभार्थी चूल नीट वापरत नाहीत. या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. अर्धी वस्तू द्यायची आणि ती पुरी चालत नाही म्हणून वापरणारीला बोल लावायचा, हे बरोबर नाही.

बसवून गेलेलं माणूस परत येत नाही. धुराड्याची काजळी काढायला शिकवत नाहीत. हे इथं सांगायलाच हवं, की झाकण म्हणजे धुराड्याच्या सफाईची सुटका नव्हे. धुराडं बुजलेलं असताना वैल बंद केला तर सगळा धूर पुढून घरात येईल. दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवायला हव्यात आणि आज एकही शिकवली जात नाही.

आणि गॅस. "आता उज्ज्वला आली, चुलीचं काय घेऊन बसलात," असं मला तोंडावर म्हटलं गेलं. माझ्या घरी सिलिंडर आहे, सकाळचा चहा त्यावरच होतो, आणि तो प्रत्येक बाईला परवडावा असं मला मनापासून वाटतं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५८.६ टक्के घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होतं. उरलेल्या चाळीसच्या वर टक्के घरांत तेव्हा ते नव्हतं. ज्यांच्याकडे सिलिंडर आहे त्यांच्याही घरी आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण आणि पाहुणे आले की मोठ्या भांड्यातला भात चुलीवरच होतो. गॅस पोचेपर्यंतची वर्षं कुणाच्या तरी फुप्फुसात जाणार आहेत.

माझं मागणं असं.

दोन किंवा जास्त भोकांच्या प्रत्येक चुलीच्या आराखड्यात झाकण काढा, माप घालून. झाकणाशिवाय चूल बसली तर ती अपुरी धरा, तिचं बिल देऊ नका.

चूल तपासताना आणखी एक फेरी करा : वैल उघडा, आणि वैल झाकलेला. धूर मोजायचं यंत्र उभ्या माणसाच्या उंचीवर टांगू नका. जमिनीवर बसून भाकरी करणाऱ्या बाईच्या नाकाच्या उंचीवर ठेवा. ओलं सरपण वापरा. आमच्याकडे चार महिने तेच असतं.

झाकणं त्या त्या भागातल्या कुंभारांकडून घ्या. साचा आणि माप द्या, ठरलेला दर द्या. एका झाकणाला माती धरून माझे दीड दिवस जातात. माठाला गिऱ्हाईक उन्हाळ्यापुरतं. बाकीच्या महिन्यांत आमच्या भट्ट्या रिकाम्या असतात. दूरच्या कारखान्यातून पत्र्याचं झाकण पाठवणार असाल तर मात्र पाठवू नका.

चूल बसवल्यावर महिन्यानं एकदा आणि पावसाळ्यात एकदा परत या. घरच्या बाईला धुराडं कसं झाडायचं, राख कशी मोकळी करायची हे हातात देऊन दाखवा. पुरुषाची सही घेऊन प्रशिक्षण झालं असं लिहू नका.

माझं झाकण आपल्याला घ्यायचं असेल तर घ्या. त्यावर माझा कसला हक्क मी ठेवत नाही, पैसा मागत नाही. आपल्याकडे शिकलेली माणसं आहेत, यंत्रं आहेत. याहून हलकं, न फुटणारं, चांगलं झाकण आपण केलंत तर मी माझा साचा मोडून तुमचं करायला शिकेन. नुसतं, ते चालतं की नाही हे तपासा आणि चालत नसेल तर का, ते मला कळवा. तीन ओळींत नको, समोर बसून.

नागपंचमी झाली की भट्टी लावणार आहे. त्यात आपल्यासाठी दोन झाकणं भाजते आहे, एक चार बोटं अंतराचं आणि एक तीनचं. वाडीतल्या त्या बावीस घरांपैकी दोघीजणी आपल्या चुलीवर ती लावून बघायला तयार आहेत. सकाळी सातला या, तेव्हा भाकऱ्यांची वेळ असते. यंत्र घेऊन या. दोघींकडे मी आधीच सांगून ठेवलं आहे, त्या दिवशी एक तवा झाकणाशिवाय आणि एक झाकणासह.

आपली,
चुली घालणारी एक कुंभारीण,
तालुका आजरा, जिल्हा कोल्हापूर